मालकाला न विचारता चालणारा सीझन: मे ते मे, टप्प्याटप्प्याने

दरवर्षी एप्रिल लागला की किनाऱ्यावरचे निवास-न्याहारीवाले, खानावळवाले आणि आंब्याच्या पॅकिंगवाले यांच्याकडून एकच तक्रार ऐकू येते. पहाटे पाचला उठतो, रात्री बाराला पाठ टेकतो, माणसं आहेत पण प्रत्येक गोष्ट मलाच विचारतात. पाठोपाठ उपायही ठरलेला असतो: "यंदा सगळं पोरांवर सोडून देणार." आठ दिवसांत एखादा मोठा घोळ होतो, मालक सगळी सूत्रं परत हातात घेतो, आणि "आपल्याकडची माणसंच तशी" असं म्हणत पुढचं वर्ष काढतो.

माणसांवर सोडण्यात काहीच गैर नाही. चुकते ती वेळ, आणि त्याहून जास्त क्रम. खाली दिलेला क्रम चार ते पंधरा माणसांच्या धंद्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः निवास-न्याहारी आणि खानावळीची आहेत. आंब्यावाल्यांसाठी वेगळं काय करायचं ते शेवटाकडे आहे.

सुरू करण्याआधी एक हिशोब मात्र बदलावा लागेल. आजवर तुम्ही स्वतःची मेहनत किती तास केली यावर दिवस मोजत होतात. इथून पुढे, आज किती निर्णय तुम्हाला न विचारता बरोबर घेतले गेले, हे मोजायचं. हे पटत नसेल तर पुढचे टप्पे करून उपयोग नाही.

तयारी: कोकणाचं कॅलेंडर समोर ठेवा

शहरातल्या कंपन्यांसाठी लिहिलेले सल्ले इथे फसतात, कारण आपलं वर्ष वेगळं चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, जलक्रीडा बंद, पाहुणे तुरळक. म्हणजे मालकाला बसून विचार करायला हाच वेळ. पण म्हणून जुलैत माणसांचं प्रशिक्षण ठेवाल तर कोणी यायचं नाही. सगळे भातलावणीला गेलेले असतात. लावणी उरकल्यापासून गणपतीपर्यंतचे आठवडे माणसांबरोबर बसायला सगळ्यात चांगले. गणपतीत काहीही नवीन करू नका. त्या दिवसांत चाकरमानी गावात येतात आणि तुमची माणसं आपापल्या घरी जातात, जायलाच हवीत. पहिली खरी चाचणी नवरात्र ते दिवाळी, मोठी परीक्षा नाताळ ते ३१ डिसेंबर, जानेवारी-फेब्रुवारीत डागडुजी, आणि गुढीपाडव्यापासून सगळे बदल बंद.

शिमगा या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. तो बहुतेक वर्षी मार्चमध्ये येतो, आंब्याची काढणी नुकतीच सुरू झालेली असताना. पालखी घरी येणार असेल त्या दिवशी माणूस कामावर राहणार नाही, आणि त्याला राहायला सांगणं हे तुमच्याविषयीचं त्याचं मत कायमचं ठरवून टाकतं. मालवण भागात असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेसाठीही दोन दिवस मोकळे सोडा. तिची तारीख देवीचा कौल मिळाल्यावरच ठरते, त्यामुळे आधीपासून नक्की लिहिता येत नाही, पण जागा ठेवता येते.

टप्पा १: मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नोंद

हा एकच टप्पा भर गर्दीत करायचा आहे, कारण पावसात बसून "लोक मला काय काय विचारतात" हे आठवत नाही. खिशात मावेल अशी वही घ्या. कोणी काहीही विचारलं की एक ओळ लिहायची: वेळ, कोण, काय विचारलं, मी काय सांगितलं. अशी दिसेल:

स. ७.१० – स्वयंपाकाच्या मावशी – सुरमई महाग आहे, आणू का? – बांगडा आणा.
१०.४० – खोल्यांवरचा मुलगा – चार नंबरला जादा गादी द्यायची का? – दे.
दु. १.२० – काउंटर – ग्रुपवाले शंभर रुपये कमी करा म्हणतात – करा.
४.०० – खोल्यांवरचा मुलगा – गॅसवाल्याचा नंबर काय?
रा. ९.३० – काउंटर – पाहुण्यांना उद्या दुपारी तीनला निघायचंय, चालेल का? – खोली रिकामी असेल तर चालेल.

रात्री प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: मी नसतो तर या माणसाने बरोबर तेच केलं असतं का? गादीचं उत्तर त्या मुलाला ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं, कारण मागे कधीतरी न विचारता दिली म्हणून बोलणी खाल्ली असणार. अशा ओळी मोजून ठेवा. त्या तुमच्या माणसांविषयी कमी आणि तुमच्या आवाजाविषयी जास्त सांगतात.

सावध: ही वही माणसांवर पाळत ठेवायला वापरलीत आणि ते त्यांच्या लक्षात आलं, तर ती विचारणंच बंद करतील. मग घोळ होईपर्यंत तुम्हाला काही कळणार नाही.

मे निघून गेला असेल तर मोबाईलमधली कॉलची यादी आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज उपसा. चित्र धूसर असेल, पण काम भागतं.

टप्पा २: जूनमध्ये तीन ढीग

पावसात एकटे बसा आणि वहीतल्या सगळ्या ओळी तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग माहितीचा. गॅसवाला, वायरमन, टँकरवाला यांचे नंबर, जादा गादीचा दर, गरम पाण्याची वेळ, दहा वर्षांखालच्या मुलाचं किती घ्यायचं. याचं उत्तर माणसाने द्यायचंच कशाला? मोठ्या अक्षरात लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून काउंटरच्या मागे आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावा. प्लॅस्टिक विसरू नका, आपल्याकडच्या दमट हवेत कागद महिन्यात लोळागोळा होतो.

दुसरा ढीग छोट्या निर्णयांचा: सूट, खोली बदलणं, मासळीची निवड, उशिरा निघणारे पाहुणे. हाच ढीग हळूहळू माणसांकडे जाणार आहे.

तिसरा ढीग तुमचा: कर्ज, नवीन माणूस घेणं-काढणं, मोठ्या ग्रुपचा करार, शेजाऱ्याबरोबरचा बांधाचा वाद. हे कोणाकडेही सोपवू नका. काही मालक नेमकं उलटं करतात. माणूस काढायची अवघड गोष्ट मॅनेजरच्या गळ्यात मारतात आणि बांगडा की सुरमई हे मात्र स्वतः ठरवतात.

टप्पा ३: जबाबदारीच्या आधी पगार आणि सुट्टी

बहुतेक जण हा टप्पा ओलांडून पुढे पळतात, म्हणून यावर जरा थांबू.

आज दहा तास राबणाऱ्या मुलाला तुम्ही म्हणालात, "आता खोल्यांचं सगळं तूच बघ," तर त्याच्या कानावर काय पडतं? तेवढ्याच पगारात आणखी एक ओझं. तो तोंडावर हो म्हणेल, आणि दिवाळीनंतर गोव्यातल्या हॉटेलात दिसेल. म्हणून आधी वेळापत्रक, मग पगार, त्यानंतर जबाबदारी.

आठवड्याची सुट्टी सीझनमध्येही ठेवायची, पाळीपाळीने. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दराने मोबदला, दोन्ही आहे. कामगारांची संख्या कमी असेल तर त्यातली बरीच कलमं तुम्हाला लागू होत नाहीत. तरी पायंडा तोच ठेवा. "मेमध्ये सुट्टी परवडत नाही" असं म्हणणाऱ्याने एक आकडा बघावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. मेमधला आपला मालक हे ५५ तास आठवड्याच्या चौथ्याच दिवशी ओलांडतो. त्यामुळे सुट्टीच्या तक्त्यात मालकाचंही नाव घाला, सगळ्यांसारखंच.

पगारवाढ देणं झेपत नसेल तर जबाबदारीची व्याप्ती कमी करा, पण फुकटात देऊ नका. सीझनच्या शेवटी बोनस देऊ असं मोघम सांगण्यापेक्षा दरमहा थोडी पण नक्की वाढ द्यावी, असं माझं मत आहे. मोघम बोनसावर सगळा पावसाळा कुजबुज चालते.

तपासा: तक्ता लावल्यावर माणसं आपापसांत सुट्ट्या अदलाबदल करायला लागली का? लागली तर तक्त्यावर त्यांचा विश्वास बसला. कोणी हातही लावत नसेल तर "मालक ऐनवेळी बोलावणारच" असं त्यांनी धरलेलं आहे.

टप्पा ४: लावणी उरकल्यावर, एकेकाबरोबर बसणं

सगळ्यांना एकत्र बसवून "बोला, कोणाला काय अडचण" असं विचारलं की सगळे जमिनीकडे बघतात. एकेकाला वेगळं भेटा. आणि तुमच्या खुर्चीसमोर उभं करू नका. पडवीत, चहा घेत बसा. मावशींना गाठायचं तर त्यांच्या स्वयंपाकघरात, दुपारची भांडी आटोपल्यावर.

तीन प्रश्न पुरतात. काम करताना कुठे अडतं? मी कुठे लुडबुड करतो? पुढच्या वर्षी काय शिकायचंय? दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या भेटीत खरं उत्तर मिळणार नाही. तरी विचारा, आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या, कारण माणसांची वाढ म्हणतात ती इथे सुरू होते. कोणाला गाडी चालवण्याचं लायसन्स हवं असेल, कोणाला ऑनलाइन बुकिंग हाताळायचं असेल. मदतनीस ताईंना पुढे स्वतःचा स्वयंपाकाचा धंदा करायचा असेल. त्यांना अन्नसुरक्षेचं फोस्टॅक प्रशिक्षण करायला पाठवा, फी तुम्ही भरा. "शिकून निघून गेली तर?" ही भीती प्रत्येक मालकाला वाटते. काही जणी जातील. न शिकवलेल्याही जातातच.

आता जबाबदारी कोणाला द्यायची ते ठरवा. इथे तीन सापळे आहेत. एक, सगळ्यात जुना माणूस. तो विश्वासू असतो, पण कधीकधी त्याला निर्णय नकोच असतात. त्याला त्याचं काम आणि मान हवा असतो. दोन, सगळ्यात जास्त बोलणारा. तीन, घरचा माणूस. भाच्याला काउंटरवर बसवलं आणि त्याच्या हाताखाली दहा वर्षं काम केलेल्या बाईंना ठेवलं, तर त्या काही बोलणार नाहीत, पण भाचा चुकताना दिसला तरी सांगणारही नाहीत. घरच्या माणसाला ठेवायचंच असेल तर आधी सहा महिने त्या बाईंच्या हाताखाली ठेवा. घरी दोन दिवस अबोला राहील, तो परवडतो.

टप्पा ५: अधिकार लिहून द्या, रकमेसकट

"तुझं तू ठरव" हा अधिकार नव्हे. कितीपर्यंत, कशात आणि कधी कळवायचं, हे तिन्ही लिहिलेलं हवं. उदाहरणार्थ काउंटरवरच्या मुलीला: एका बुकिंगमागे पाचशे रुपयांपर्यंत सूट, न विचारता, रात्री वहीत लिहायची. खोल्यांवरच्या मुलाला: हजार रुपयांपर्यंतची दुरुस्ती, न विचारता, पावती ठेवायची.

मासळीचं जरा सविस्तर सांगतो, कारण खानावळीत रोजची सगळ्यात जास्त विचारणा तिचीच असते. हर्णैच्या बंदरावर लिलाव चालू असताना मावशींनी तुम्हाला फोन करायचा, तुम्ही गाडी चालवत असायचं, फोन लागेपर्यंत टोपली दुसऱ्याने उचललेली. त्याऐवजी असं लिहून द्या: एका थाळीत मासळीचा खर्च इतक्या रुपयांपुढे जाता कामा नये. त्या आत सुरमई बसली तर सुरमई, नाही तर बांगडा, तोही चांगला नसेल तर तिसऱ्या (शिंपल्या), काहीच ताजं नसेल तर कोंबडी-वडे. निर्णय मावशींचा. बाहेरचा फळाही त्यांनीच बदलून घ्यायचा. ताज्या मासळीची पारख त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे, आणि हे तुम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतही असता.

देताना तीन पायऱ्या: आधी तुम्ही करताना ती व्यक्ती बघते, मग ती करते, तुम्ही शेजारी गप्प उभे, मग ती एकटी करते आणि रात्री सांगते. मधली पायरी सगळ्यात अवघड. तिथे बहुतेक मालक तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडतात.

सवय लागेपर्यंत माणसं विचारत राहतीलच. त्यावर मालवणीतलं एक वाक्य पुरतं:

"दादानू, चार नंबराचे पावणे खोली बदलून मागतत. काय सांगू?"
"तुका काय वाटता?"
"सहा नंबर रिकामी आसा, पण ती रस्त्याच्या बाजूक."
"मगे?"
"आधी दाखवतंय. पसंत पडली तर देतंय."
"दी."

या संभाषणाला अर्धा मिनिट लागतो आणि थेट उत्तराला पाच सेकंद. म्हणूनच हे ऑगस्टमध्ये सुरू करायचं. मेमध्ये तो अर्धा मिनिट नसतो.

सावध: समुद्राच्या बाबतीत सूट द्यायचा अधिकार कोणालाही नाही, मालकालाही. अंधार पडल्यावर पाण्यात नाही, दारू प्यायलेल्याने पाण्यात नाही, लाल बावटा असताना किनाऱ्याच्या पुढे नाही. पाहुणा रागावला, पैसे परत मागितले, तरी माणसाने ठाम राहायचं आणि तुम्ही त्याची बाजू घ्यायची. रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीचा ११२ हे दोन नंबर भिंतीवर सगळ्यात वर.

टप्पा ६: चूक झाली की काय करायचं, हे चूक होण्याआधी ठरवा

चूक होणारच. समजा, ३१ डिसेंबरला एकच खोली दोघांना दिली गेली. क्रम असा: आधी पाहुण्याची सोय, ओळखीच्या शेजाऱ्याकडे का होईना. पाहुण्यासमोर माणसाला एक शब्द बोलायचा नाही. त्याच रात्री, आवराआवर झाल्यावर, दहा मिनिटं बसून एकच प्रश्न: नोंद कुठे निसटली? फोनवरचं बुकिंग एका वहीत आणि ऑनलाइनचं दुसरीकडे, हे कारण निघालं तर दोष पद्धतीचा. दुसऱ्या दिवसापासून एकच वही. नुकसान धंद्याच्या खात्यात, पगारातून नाही.

तीच चूक पुन्हा झाली तरी आधी पद्धतच तपासा. त्यानंतरही झाली तर त्या माणसाशी एकट्यात बोला. काम त्याला जमत नसेल किंवा घरी काही चाललं असेल.

तपासा: एखाद्याने स्वतःहून येऊन "माझ्याकडून चूक झाली" असं सांगितलं का? नवरात्रापर्यंत एकदाही झालं नसेल तर माणसं अजून लपवतायत. टप्पा सातकडे जाऊ नका, पाचवर परत या.

टप्पा ७: गैरहजेरीची चाचणी

नवरात्रात एक पूर्ण दिवस बाहेर जा. दिवाळीत गर्दीतला एक दिवस आणि एक रात्र. नाताळात गावातच राहा, पण काउंटरच्या मागे बसू नका.

फोन फक्त एकाच माणसाने करायचा आणि तीनच कारणांसाठी: कोणाला इजा झाली, पोलीस आले, किंवा ठरलेल्या रकमेपेक्षा मोठा खर्च. बाकी सगळं परत आल्यावर.

मोबाईलवर सीसीटीव्ही बघत बसणं म्हणजे गैरहजेरी नव्हे. एका मालकांनी मुंबईहून फोन करून "तिसऱ्या टेबलावरचं पाणी कोण पुसणार?" असं विचारलेलं मी ऐकलंय. त्या फोनने आधीचे सगळे टप्पे धुऊन गेले. चाचणीच्या दिवसापुरतं ते अॅप मोबाईलवरून काढून टाका.

परत आल्यावर पहिला तास काही बोलू नका. आधी वही वाचा, गल्ला मोजा, मग विचारा. तुम्ही घेतला नसता असा एखादा निर्णय नक्की सापडेल. पाहुणा समाधानी आणि खर्च मर्यादेत असेल तर तो तसाच राहू द्या. जांभळ्या चादरी तुम्हाला आवडत नाहीत, हे कारण होत नाही.

टप्पा ८: जानेवारी-फेब्रुवारीत वाचलेले तास कुठे गेले ते बघा

इथे नवीनच चूक होते. दिवाळी-नाताळ बरं गेलं, मालकाला दोन तास मोकळे मिळाले, की तो लगेच आणखी तीन खोल्या बांधायला काढतो. गवंडी, वाळू, परवानग्या, आणि मेपर्यंत परत पहाट पाच ते रात्र बारा. नवीन खोल्या पुढच्या वर्षी, आणि त्या सांभाळणारा माणूस आज तयार असेल तरच.

या दोन महिन्यांत जोडीचं काम शिकवा. काउंटरच्या मुलीला खोल्यांचं, खोल्यांवरच्या मुलाला बाजारहाट, मदतनीस ताईंना मावशींची थाळी. प्रत्येक कामाला दुसरा माणूस झाला की शिमग्याची रजा हा संकटाचा विषय राहत नाही.

मोजायचं एवढंच: पावसाळ्यानंतर जुनी माणसं किती परतली, दोन कामं येणारी किती, आणि तुमचे आठवड्याचे तास किती.

आंब्यावाल्यांसाठी फरक

तुमची माणसं, विशेषतः नेपाळहून येणारे राखणदार, पावसाळ्यात नसतात. त्यामुळे चौथा टप्पा ती परतल्यावर, मोहोराच्या आधी. दिवसाला किती पेट्या भरल्या यावर मजुरी देत असाल तर "फळ सांभाळा" असं कितीही सांगा, घाई होणारच. देठ तुटतो, चीक सालीवर उतरतो, डाग पडतो. तिथे दर बदलल्याशिवाय जबाबदारी देऊन काही होणार नाही: रोजंदारी, आणि वर डागविरहित पेटीमागे थोडी रक्कम. फळ चौदा आणे, म्हणजे काढण्याइतकं तयार, झालं की नाही हे झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात असलेल्या माणसाला ठरवू द्या, आणि त्याने "आज हे झाड नको" म्हटलं तर वाशीच्या बाजारातल्या दलालाचा फोन तुम्ही सांभाळा, त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

गुढीपाडव्यानंतर

नवीन नियम नाही, नवीन वही नाही, माणसांच्या जागा बदलणं नाही. कितीही चांगली कल्पना सुचली तरी वहीच्या शेवटच्या पानावर "जून" असं शीर्षक देऊन तिथे लिहा. मेच्या मधल्या आठवड्यात पहिल्या टप्प्यातली नोंद पुन्हा करा आणि गेल्या वर्षीची वही शेजारी ठेवून बघा. माहितीचे प्रश्न जवळपास संपलेले असायला हवेत. ते अजून येत असतील तर काउंटरमागचा कागद फाटला आहे का, ते आधी जाऊन बघा.